आलेख काढणे यंत्राचे काम, पाहणे आपले

आज आपल्या बाजारात संगणक नसलेले दुकान शोधूनच काढावे लागेल. बिले संगणकावर निघतात, जी. एस. टी. चे विवरणपत्र त्यावरूनच भरले जाते, आणि लाल खातेवहीची जागा बहुतेकांकडे टॅलीने घेतली आहे. मात्र या यंत्रात जे आकडे आपण रोज भरतो, ते परत उघडून वाचतो किती जण? प्रामाणिकपणे सांगायचे तर फार थोडे. बिल निघाले, कर भरला, की तो आकडा आपण विसरतो. लिहिण्याचे कष्ट आपण घेतो, पण त्या लिहिण्यातून जो फायदा मिळायचा तो घेत नाही.

आकड्यांची लांबच लांब यादी वाचणे कठीण असते, हे खरे आहे. म्हणूनच आलेख काढतात. परंतु आलेखाबाबत आपल्या व्यापारी बांधवांची एक सवय मला घातक वाटते. ती अशी की, ज्या गोष्टीची आपल्याला आधीच काळजी किंवा आवड असते, तेवढ्याच गोष्टीचा आलेख आपण काढतो. विक्रीचा काढतो, कारण विक्री वाढलेली पाहून मनाला बरे वाटते. सुताच्या भावाचा काढतो, कारण बाजारात सगळे त्याबद्दलच बोलत असतात. बाकीचे रकाने तसेच पडून राहतात. माझे म्हणणे असे आहे की हिशेबातल्या प्रत्येक रकान्याचा आलेख दर महिन्याला निघाला पाहिजे, तो यंत्राने आपोआप काढून आपोआप जतन करावा, आणि कोणता काढायचा व कोणता नाही ही निवडच आपल्या हातात ठेवू नये. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. यासाठी मी बरीच मोठी फी भरली आहे.

ठेच कुठे लागली

माझा धंदा मालेगावात ग्रे कापडाचा आहे. सूत विकत घेऊन मागवाल्यांना द्यायचे, त्यांनी मजुरीवर कापड विणून द्यायचे, ताके गोदामात आले की ते पाली, बालोत्रा, अहमदाबाद या बाजूला रंगाई-छपाईसाठी पाठवायचे, असा हा व्यवहार. एप्रिल २०२१ पासून मी दर आठवड्याचा तक्ता एक्सेलमध्ये ठेवू लागलो. त्यात चाळीस रकाने होते. सुताच्या पाच नंबरांचे भाव, कापडाच्या पाच क्वालिटींचे मीटरचे दर, चार मुख्य क्वालिटींची विक्री, बारा मोठ्या पार्ट्यांची बाकी, त्याच बारा पार्ट्यांचे पैसे यायला लागलेले दिवस, गोदामातील ताके आणि परत आलेला माल.

त्या चाळीसपैकी मी दरमहा तीन आलेख काढीत असे. सुताचा भाव, एकूण विक्री आणि एकूण बाकी. २०२२ च्या उन्हाळ्यात सगळ्यांचे लक्ष कापसाकडे होते, हे वाचकांना आठवत असेलच. ३५६ किलोच्या खंडीने त्या मे महिन्यात एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला होता. सूत त्याच्यामागे धावत होते. मीही रात्रंदिवस सुताचाच आलेख पाहत होतो. विक्रीची रेषा वर जात होती, म्हणून मनात समाधानही होते. बाकीची रेषाही वर जात होती, पण विक्री वाढली की बाकी वाढणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

या वाढलेल्या विक्रीत बाहेरगावची एक पार्टी मोठी होती. बोली पंचेचाळीस दिवसांची. तिचे पैसे आधी सत्तेचाळीस दिवसांनी आले, मग बावन्न, मग साठ, मग एकाहत्तर, मग अठ्ठ्याऐंशी. पुढे पैसे येणेच बंद झाले. ते वर्ष संपण्याआधी त्या पार्टीने दुकानाला कुलूप लावले. माझे अकरा लाख रुपये अडकले, आणि ते आजतागायत आलेले नाहीत.

नुकसान माझ्या एकट्याचे असते तर हा लेख मी लिहिला नसता. व्यापाऱ्याचे पैसे अडकले की मागवाल्याची मजुरी अडकते, आणि मागवाल्याची मजुरी अडकली की मागावर उभ्या असलेल्या कारागिराचा आठवड्याचा पगार अडकतो. तीन महिने मी मागवाल्यांना वेळेवर मजुरी देऊ शकलो नाही. त्यातल्या एकाचे आठ माग होते. त्याने दोन विकले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पण त्याच्या कारखान्यात गेलो की ती दोन रिकामी जागा मला अजून दिसते.

पुढे माझ्या भाच्याने, जो संगणकाचे शिक्षण घेतो, त्या जुन्या तक्त्याचे चाळीसही आलेख एका दमात काढून दिले. त्यात त्या पार्टीच्या ‘दिवसां’चा आलेख होता. शिडी लावावी तशी त्याची रेषा चढत गेलेली. कोणत्याही शाळकरी मुलाला दाखवला असता तर त्याने सांगितले असते की इथे काहीतरी बिघडते आहे. ते आकडे दुसऱ्या कोणाकडून आलेले नव्हते, माझ्याच हाताने मी दर आठवड्याला भरले होते. मी त्यांच्याकडे रेषा म्हणून कधी पाहिलेच नाही, कारण तो आलेख काढायचे मला सुचले नव्हते.

ही विद्या व्यापारासाठीच जन्मली

काही बांधव म्हणतील की आलेख वगैरे मोठ्या गिरण्यांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे काम आहे. इतिहास मात्र वेगळा आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडनमध्ये जो आलेखांचा संग्रह छापला, तो व्यापाराच्याच आकड्यांचा होता. त्यात चव्वेचाळीस आलेख होते. एकेका देशाशी असलेला इंग्लंडचा व्यापार घेऊन त्याने आयातीची एक रेषा, निर्यातीची एक रेषा आणि दोन्हींमधील अंतर रंगवलेले, अशी एकाच ढंगाची चित्रे मांडली. त्यात ईस्ट इंडीज म्हणजे आपल्या बाजूच्या मुलखाशी चालणाऱ्या व्यापाराचाही आलेख आहे.

यातली शिकण्याजोगी गोष्ट अशी की प्लेफेअरने आवडीचे दोन-चार देश निवडले नाहीत. देशामागून देश घेऊन त्याच पद्धतीने चित्रे काढली, म्हणून ती शेजारी ठेवून ताडता आली. त्या काळी प्रत्येक चित्र तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरावे लागे. इतके कष्ट असूनही त्याने चव्वेचाळीस आलेख दिले. आपल्याला बोट हलवावे लागते, तरी आपण तीनवर थांबतो.

केवळ सरासरीवर विसंबणाऱ्यांसाठी दुसरे उदाहरण आहे. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच मांडले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत पहिल्या आकड्याची सरासरी ९ आणि दुसऱ्याची साडेसात, इतर मापेही जवळजवळ सारखीच. कागदावर हे चार व्यापारी जुळे भाऊ वाटावेत. पण आलेख काढला की एक सरळ चढणारा, एक कमानीसारखा वाकलेला, एक सरळ रेषेत असून एकच ठिपका भलतीकडे गेलेला, आणि चौथ्यात सगळे ठिपके एकावर एक उभे राहून एकटाच ठिपका दूर पडलेला. आपल्या पार्टीचे पैसे सरासरी साठ दिवसांनी येतात असे मुनीम सांगतो, तेव्हा ती नेहमीच साठ दिवसांनी देते, की आधी तीस दिवसांनी देत होती आणि आता नव्वदवर गेली, हे सरासरी सांगत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या दोन पार्ट्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यंत्राला हुकूम कसा द्यावा

आता प्रश्न कष्टांचा. एक्सेलमध्ये हाताने एक आलेख काढणे, त्याला नाव देणे, आणि वेगळ्या फाईलमध्ये जतन करणे याला सरावलेल्या माणसालाही पाच मिनिटे लागतात. चाळीस आलेखांना दोनशे मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे झाली. वर्षाला चाळीस तास. इतका वेळ कोणत्याही दुकानदाराकडे नसतो, आणि म्हणूनच पहिल्या तीन आलेखांवर हात थांबतो. हाच तो अडथळा, आणि तो यंत्र सहज दूर करते.

एक्सेलमध्येच मॅक्रो लिहून हे काम होते. त्याची भाषा १९९३ पासून एक्सेलसोबतच येते. भाच्याने मात्र पायथन ही भाषा वापरली. ती फुकट मिळते. तक्ता वाचण्यासाठी पांडास आणि आलेख काढण्यासाठी मॅटप्लॉटलिब ही तिची दोन साधनेही फुकटच आहेत. पांडासची सुरुवात २००८ साली एका वित्तीय कंपनीत नोकरीस असलेल्या वेस मॅककिनी यांनी केली, म्हणजे तेही हिशेबाच्या गरजेतूनच निर्माण झाले.

हुकूम समजायला अवघड नाही. तक्ता उघड. रकान्यांच्या नावांची यादी कर. यादीतले पहिले नाव घे, त्या रकान्याचे आकडे तारखेवर मांडून रेषा काढ, वर नाव लिही, रकान्याच्या नावानेच फाईल जतन कर, कागद मिटव. मग दुसरे नाव घे, आणि यादी संपेपर्यंत असेच कर. गोदामात हमाल जसा गाडीतला एकेक ताका उतरवून शिक्का मारून मांडणीवर ठेवतो, तसेच हे काम आहे. दहा-पंधरा ओळींत ते मावते, आणि चाळीस आलेख एका मिनिटाच्या आत तयार होतात.

पण हुकूम जितका सोपा, तितक्याच त्यातल्या चुका बारीक. त्या सर्व आमच्याकडे झाल्या. वाचकांना त्या टाळता याव्यात म्हणून खाली देत आहे.

पहिली गोष्ट तक्त्याची शिस्त. वरच्या एकाच ओळीत रकान्यांची नावे, त्याखाली एका आठवड्याला एकच ओळ. मध्येच ‘एकूण’ अशी ओळ घातली तर यंत्र तिलाही एक आठवडाच समजते, आणि आलेखात मिनारासारखे टोक उभे राहते. आकड्यात ‘रु.’ किंवा ‘मीटर’ असे शब्द टाईप केले तर यंत्र त्याला आकडा न मानता मजकूर मानते.

दुसरी गोष्ट तारीख. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल. अमेरिकन पद्धतीवर बेतलेले यंत्र त्याला चार मार्च समजते. बारापुढच्या तारखा मात्र ते बरोबर वाचते. त्यामुळे अर्धी रेषा नीट आणि अर्धी विस्कटलेली, असा आलेख निघतो. तारखेचा क्रम यंत्राला स्पष्ट सांगून ठेवावा.

तिसरी गोष्ट रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक. ईदच्या आठवड्यात बाजार बंद होता. त्या आठवड्यात विक्रीचे मीटर खरोखरच शून्य होते, तिथे शून्य लिहिणे योग्य. पण कापडाचा दर काही शून्य झाला नव्हता, तो त्या आठवड्यात ठरलाच नाही. तिथे जागा रिकामी ठेवली पाहिजे. आमच्या मुलाने दोन्हीकडे शून्य भरले, आणि दराचा आलेख असा निघाला की जणू दर ईदला कापड फुकट वाटले जाते.

चौथी गोष्ट फाईलचे नाव. आमच्या एका रकान्याचे नाव ‘२/४० सूत’ असे होते. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. यंत्र तिथेच अडून बसले, आणि पुढचे रकाने निघालेच नाहीत. तिरकी रेघ काढून आडवी घातली की काम होते. नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. नुसते १, २ दिले तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि क्रम बिघडतो.

पाचवी गोष्ट, जुने पुसले जाणे. दर महिन्याला त्याच नावाने फाईल जतन केली तर नवी फाईल जुनीच्या जागी बसते, आणि मागच्या महिन्याचा आलेख नाहीसा होतो. प्रत्येक महिन्याचे वेगळे फोल्डर करावे, आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना लिहावा. गेल्या महिन्यात मला काय दिसत होते, हे नंतर तपासता येणे फार मोलाचे असते.

सहावी गोष्ट, कागद मिटवणे. एक आलेख जतन झाल्यावर तो बंद करण्याचा हुकूम दिला नाही, आणि पुढच्यासाठी नवा कागदही मागितला नाही, तर दुसऱ्या आलेखावर पहिल्याची रेषा तशीच राहते, तिसऱ्यावर दोघांची. आमचा शेवटचा आलेख सुताच्या गुंत्यासारखा निघाला होता. प्रत्येकासाठी नवा कागद घेतला, पण आधीचे मिटवले नाहीत, तर यंत्राची स्मृती भरत जाते. वीसहून अधिक आलेख उघडे राहिले की मॅटप्लॉटलिब स्वतःच इशारा देते.

सातवी गोष्ट मोजदादीची. एखाद्या रकान्यात बिघाड असेल तर यंत्राने तो सोडून पुढे जावे, हे ठीक. पण गुपचूप सोडू नये. कोणते सोडले याची यादी त्याने शेवटी द्यावी. चलनावर चाळीस ताके लिहिले असतील तर आपण गोदामात चाळीस मोजून घेतो. तसेच इथेही चाळीस रकाने दिले तर चाळीस फाईली मोजून घ्याव्यात. एकोणचाळीस निघाल्या तर चाळिसावा कुठे गेला हे विचारावे. कुणी सांगावे, नेमका तोच महत्त्वाचा असेल.

मोजपट्टी बदलली की चित्र खोटे होते

आता एक नाजूक बाब. यंत्राला सांगितले नाही तर ते प्रत्येक आलेखाची उभी मोजपट्टी स्वतः ठरवते. सर्वात लहान आकडा तळाशी, सर्वात मोठा माथ्यावर. त्यामुळे मीटरमागे चार आण्यांचा फरकही डोंगरासारखा दिसतो, आणि दुसऱ्या आलेखात चार रुपयांचा फरकही तेवढाच डोंगर दिसतो. शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच भयंकर, किंवा दोन्ही सारखेच मामुली वाटतात. आपण आयुष्यभर कापड मोजत आलो आहोत. गज बदलून मोजणाऱ्याला आपण काय म्हणतो, हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून एका जातीच्या रकान्यांना एकच मोजपट्टी द्यावी. बाराही पार्ट्यांच्या ‘दिवसां’चे आलेख शून्यापासून सुरू होऊन एकाच उंचीपर्यंत जावेत, आणि प्रत्येकात पंचेचाळीसवर एक आडवी लाल रेघ मारावी. मग नजर टाकताच रेघेच्या वर कोण गेले ते दिसते. भावाच्या आलेखात शून्यापासून सुरुवात करणे नेहमी सोयीचे नसते. तिथे मोजपट्टी कुठून सुरू होते ते आकड्यात ठळक लिहिलेले असावे, म्हणजे पाहणारा फसत नाही.

पंचेचाळीसची ती रेघ मागवाल्या बांधवांसाठी अधिक महत्त्वाची आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. आमच्यासारख्या घाऊक व्यापाऱ्याला या तरतुदीचे संरक्षण नाही, पण कारखानदाराला आहे. आपले कोणते बिल ती रेघ ओलांडते आहे, हे ज्याला दिसतच नाही, त्याला कायदा असून काय उपयोग?

मागवाल्याने ‘माझ्याकडे कुठले चाळीस रकाने’ असेही म्हणू नये. आठ माग असतील तर प्रत्येक मागाचे रोजचे मीटर, धागा तुटण्याच्या वेळा आणि मागाचे बंद तास, असे तीन-तीन रकाने धरले तरी चोवीस झाले. कोणता माग हळूहळू थकतो आहे, हे एकूण उत्पादनात दिसत नाही. सात माग त्याची उणीव झाकून टाकतात.

पाहणे मात्र स्वतःच करावे

माझा मुनीम विचारतो, शेठ, चाळीस आलेख पाहणार कोण? प्रश्न रास्त आहे. काढणे फुकट झाले म्हणून पाहणे फुकट होत नाही. आम्ही एका कागदावर आठ, असे पाच कागद छापतो. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी, हिशेब आटोपल्यावर, वीस-पंचवीस मिनिटे घेऊन ते पाहतो. प्रत्येक आलेखाला तीनच प्रश्न. रेषेची दिशा बदलली का? एखादे टोक एकटेच उभे आहे का? गेल्या महिन्याच्या कागदाशी ताडले तर नवे काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जायचे. बहुतेक कागद असेच जातात, दोन-तीनवर पेन्सिलने गोल केला जातो.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. वडिलांची वहीही उर्दूतच, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. त्यामुळे आलेख पाहतानाही माझी नजर आधी उजव्या टोकावर जाते. सुरुवातीला भाचा हसला. पण आलेखात उजवीकडे आजचा दिवस असतो. आज आपण कुठे उभे आहोत ते आधी पाहायचे, आणि मग इथवर कसे आलो ते मागे जात पाहायचे. व्यापाऱ्याला ही रीत वाईट नाही.

काही तरुण सुचवतात की यंत्रालाच सांगावे, ज्यात काही विशेष आहे तेवढेच आलेख दाखव, बाकीचे वगळ. मला हे मान्य नाही. विशेष काय हे यंत्राला आपणच सांगणार, म्हणजे जे आपल्याला आधीच सुचले आहे तेवढेच ते शोधणार. माझी फसगत नेमकी याच वाटेने झाली होती. यंत्राने हवे तर आपल्या मते संशयास्पद आलेखांवर खूण करावी, पण चाळीसच्या चाळीस समोर ठेवावेत.

याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. खूप आलेख पाहिले की नसलेले नातेही दिसू लागते. चाळीस रकान्यांच्या दोन-दोन जोड्या लावल्या तर सातशे ऐंशी होतात. वीसात एखादी जोडी केवळ योगायोगाने जुळल्यासारखी दिसेल असे धरले, तरी एकोणचाळीस जोड्या निव्वळ योगायोगाने जुळलेल्या दिसतील. परत आलेला माल आणि एखाद्या सुताचा भाव बरोबरीने वर गेले म्हणून त्या सुताला दोष देणे घाईचे ठरेल. म्हणून आम्ही नियम केला आहे की पहिल्या महिन्यात दिसलेल्या गोष्टीवर फक्त गोल करायचा आणि चौकशी करायची. पार्टीला फोन करायचा, मागवाल्याकडे जाऊन यायचे, ताका उलगडून पाहायचा. दुसऱ्या महिन्यात रेषा तशीच राहिली, किंवा चौकशीत कारण सापडले, तरच पाऊल उचलायचे. आलेख पाहून कोणाची उधारी तडकाफडकी बंद करणे हा त्या माणसावर अन्याय ठरू शकतो. घरात आजारपण असेल, त्याचे स्वतःचे पैसे कुठे अडकले असतील. रेषा कारण सांगत नाही, ती फक्त दार ठोठावायला सांगते.

आणखी एक सूचना. आजकाल साध्या बोलीत विचारले तरी असा हुकूम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ज्यांच्या घरात संगणक शिकलेला मुलगा-मुलगी नाही, त्यांनी त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पण हुकूम लिहून घेताना खरा तक्ता कोणत्याही अनोळखी ठिकाणी चढवू नये. पार्टीचे खाते ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. नावांच्या जागी क्रमांक घालून चार खोट्या ओळींचा नमुना द्यावा, हुकूम लिहून घ्यावा, आणि खरा तक्ता त्याला आपल्याच दुकानातल्या यंत्रावर द्यावा. पहिले चार-पाच आलेख वहीशी हाताने ताडून पाहावेत. नव्या गुमास्त्याचे पहिले आठवडे आपण तपासतोच की नाही?

शेवटी एवढेच सांगायचे आहे. आपल्या घरात नववी-दहावीतली मुले-मुली आहेत, ज्यांना ही दहा-पंधरा ओळींची विद्या आठवडाभरात येईल. त्यांना दुकानात बोलवावे, आपला तक्ता दाखवावा, रकान्याचा अर्थ समजावून द्यावा. त्यांना यंत्र कळते आणि आपल्याला धंदा कळतो. दोघे एका कागदावर वाकून बसले तर दोघांचा फायदा आहे. आमच्याकडे गेल्या महिन्यात सातव्या क्रमांकाच्या पार्टीची रेषा पंचेचाळीसच्या थोडी वर गेली. मी फोन केला. त्याच्याकडे रंगाईचा माल अडकला होता. त्याने स्वतःहून दोन हप्ते ठरवून दिले, आणि पहिला आलाही. त्या आठवड्यात सगळ्या मागवाल्यांची मजुरी वेळेवर गेली.